चिंचेला पुरून उरलेला तुकडा

चिंचेचा कोळ. अकराशे अंश. झेंडूची माळ. वाऱ्याने आपटणारं दार. खडूने लिहिलेले एक ते पाच आकडे.

गोंधळलात ना? मी तर अजून गोंधळलेलोच आहे!

आपण टर्बाइनच्या पात्यांसाठी धातू बनवतो, महाराज! परळीत! पत्र्याच्या शेडमध्ये! पाच मिश्रणांचे पाच तुकडे मी अकराशे अंशांच्या भट्टीत शंभर तास भाजले, आणि कुठलं मिश्रण कुठलं ते कळावं म्हणून वर खडूने आकडे घातले. ज्याचा काळा पापुद्रा अंगाला घट्ट चिकटून राहील तो पास, ज्याचा झडेल तो नापास. निकाल बघायला पुण्याच्या कंपनीतून यशोधरा मॅडम यायच्या होत्या. खंडेनवमीला, अकरा वाजता. पसंत पडलं तर पात्यांचं काम, नाही तर पुन्हा खिडक्यांच्या जाळ्या!

साडेदहाला शेडमध्ये शिरलो. पाटावर झेंडूची माळ, हळदीकुंकू लावलेले पाने, हातोडे, आणि माझे चार तुकडे. नव्या नवरीच्या ताटासारखे लख्ख!

"आई! हे काय?"

"राख अन् चिंच लावून घासले. काळ्या तोंडानं पूजेला बसवू का?"

"अगं, काळं तोंडच दाखवायचं होतं!"

"बाळू, तूच तर काल..."

"मी कशाला म्हणेन? आणि वरचे आकडे?"

"खडूच व्हता की. पुसला."

"पाचवा कुठाय?"

"त्यो मेला निघंनाच! तीनदा घासला, मनगटं गेली माझी. काळा तो काळाच! दिला फेकून."

तेवढ्यात आमचा कामगार सटवा म्हणाला, "मालक, म्या आणला की उचलून. दाराखाली लावलाय. दार लई आपटत हुतं."

आणि दारातच मॅडम ठेचकाळल्या!

वाकून त्यांनी तुकडा उचलला. नखाने खरवडला. किल्लीने खरवडला. पापुद्रा ढिम्म!

"चिंचेनंही निघाला न्हाई बघा," आईने तक्रार केली.

"अहो, असाच तर हवा होता!" मॅडमचा चेहरा उजळला. "यात काय काय घातलंय तुम्ही?"

मी चार लख्ख तुकड्यांकडे पाहिलं. मग आईकडे. मग सटवाकडे. सटवाने छताकडे पाहिलं.

"मॅडम, एक ते पाचपैकीच कुठलातरी आहे. हे मात्र नक्की!"

मॅडमनी तुकडा रुमालात गुंडाळून पर्समध्ये टाकला. "प्रयोगशाळेत तपासते, आणि तुम्ही काय बनवलंय ते तुम्हाला कळवते."

आदल्या दिवशी संध्याकाळी, जेवताना, मी आईला म्हणालो होतो, "शेडमधलं सगळं पूजेला घे. घासूनपुसून."