उखळीचा सांधा आणि रंग्याचं बाशिंग

माणसाच्या अंगातले सांधे मला आमच्या गल्लीतल्या घरांसारखे पाठ आहेत. पांढुर्ण्याच्या शाळेत सतरा वर्षं विज्ञान शिकवतोय, थट्टा नाही. गुडघा आणि कोपर दाराच्या बिजागरीसारखे एकाच बाजूला उघडतात, मान खिळीवर फिरते, मनगटातली हाडं एकमेकांवर सरकतात. आणि खांदा? तो उखळीचा सांधा. कसाही फिरवा!

त्यामुळे पोळ्याच्या आदल्या दिवशी मोहगावला सासरी गेलो आणि सासरे दादाराव उजवा हात पोटाशी धरून बसलेले दिसले, तेव्हा मला दुःख कमी आणि उत्साहच जास्त वाटला.

"हात खांद्याच्या वर जातच नाही, जावईबापू," ते म्हणाले. "उद्या रंग्याले बाशिंग कोन बांधन? माह्याशिवाय कोनालेच शिंगाले हात लावू देत नाही तो. बाशिंगाबिगर बैल तोरनाखाली नेऊ काय?"

त्यांचे डोळे भरून आले. बत्तीस पोळ्यांत त्यांची जोडी एकदाही घरी राहिली नव्हती.

"मामाजी, चिंता सोडा. सांधा फक्त मोकळा करायचाय. हे असं."

मी हात गोल फिरवला. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा जोर जास्त झाला, खांद्यात कट्ट वाजलं आणि वर गेलेला हात वरच राहिला.

"उतरवा ना आता," सासूबाई म्हणाल्या.

"जरा थांबून उतरवतो."

अर्ध्या तासाने बायको, शोभा, मला डॉक्टरकडे घेऊन निघाली. हात तसाच आभाळाकडे. रस्त्यावर सौंसरची बस नेमकी माझ्यापुढे थांबली.

"चढा ना जल्दी," कंडक्टर म्हणाला.

"आम्हाला नाही जायचं."

"मंग हात काहून दाखवून राहिले?"

डॉक्टर पोळ्यासाठी आपल्या गावी गेलेले. परतताना आणखी दोन गाड्या थांबल्या. तोवर शोभा माझ्यापासून दहा पावलं मागे चालू लागली होती.

संध्याकाळी गोठ्यात खांदशेकणी झाली. वर्षभर जू वाहणाऱ्या बैलांच्या खांद्याला कोमट तूप-हळद चोळायची आणि उद्याच्या जेवणाचं आमंत्रण द्यायचं, अशी रीत. दोन्ही बैलांचं आटोपलं तरी वाटीत तूप उरलंच होतं. सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं.

"बसा, जावईबापू. रंग्याच्या बाजूले."

शोभाने पळसाच्या पानाने माझा खांदा चोळला आणि हसू दाबत म्हणाली, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

हात खाली आला, पण शिंगाच्या उंचीवर येऊन अडला.

सकाळी मी बाशिंग घेऊन पुढे झालो. दादाराव शेजारीच उभे. रंग्याने माझा खांदा हुंगला. तूप, हळद, ओळखीचा वास. त्याने शांतपणे मान पुढे केली. माझा हात तर नेमका शिंगाशीच अडकलेला! मी बाशिंग घट्ट बांधलं. जोडी तोरणाखाली उभी राहिली आणि दादारावांनी डाव्या हाताने डोळे पुसले.

"पाहिलंत, मामाजी? सांध्यांचं ज्ञान असं कामाला येतं."

संध्याकाळी पुरणपोळीची ताटं निघाली. मी ऐटीत पाटावर जाऊन बसलो. बराच वेळ कोणी वाढेना.

"माझं ताट?"

"गोठ्यात ठेवलं ना," सासूबाई म्हणाल्या. "आवतन तिथंच घेतलं न तुमी."