अंग माझं, तोंड तिचं

आधीच माफी मागते. माझं शुद्धलेखन कच्चं आहे आणि अक्षर असं, की किराण्याची यादी दुकानदार मलाच वाचून दाखवायला लावतो. चौथीनंतर शाळा सुटली. ही वही कुणी वाचावी म्हणून लिहीत नाही. पण चुकून कुणाच्या हाती लागलीच, तर माझ्या वेलांट्यांकडे बघू नका, प्रमिलातायकडे बघा.

प्रमिलाताय जाड जाड कादंबऱ्या उभ्याने वाचायची. नुसती उभ्याने नाही. लाकडी पाटावर चढून, दोन्ही हात पसरून, अंगभर टाचण्या लावलेल्या, आणि मान जराही न हलवता. तिच्या नजरेसमोर पुस्तक धरून मी शेजारी उभी. पान वाचून झालं की ती ओठसुद्धा न हलवता म्हणायची, "पलट." मी पान उलटायचे.

उभं राहणं ही तिची नोकरी होती. पुस्तक हे तिचं खूळ.

बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत आमची कपड्यांची कंपनी आहे. इथे शिवलेले गाऊन आणि कोट परदेशात जातात. नवा नमुना शिवला की तो आधी जिवंत बाईच्या अंगावर चढवून बघतात. कुठे घट्ट होतो, कुठे झोळ पडतो, ते तिच्या अंगावरच टाचण्या लावून ठरवतात आणि मग हजार नग निघतात. त्या बाईला फिट मॉडेल म्हणतात. आमची फिट मॉडेल प्रमिलाताय, साइज मीडियम.

ती आली होती माझ्यासारखीच धागे कापायला. तारापूरकडच्या मासेमारी करणाऱ्या घरातली, चोवीस वर्षांची. एक दिवस मुंबईची मॉडेल आलीच नाही. नमुने बेतणाऱ्या मास्तरांनी वैतागून सगळ्या बायकांना टेप लावली, आणि सुक्या बोंबलाच्या टोपल्या उचलून मोठी झालेली ही पोरगी नेमकी परदेशी मीडियम निघाली. छत्तीस, अठ्ठावीस, अडतीस. त्यानंतर तीस वर्षं तिने ते माप हलू दिलं नाही. मग कंपनीने तिच्या जागी बाहुली आणली. ती जागा तिच्याकडे राहिली की गेली, तेच मला लिहायचं आहे.

पुस्तक तिने का धरलं, तर उभं राहून कंटाळा येतो म्हणून. पालघरच्या वाचनालयातून ती जुन्या, थोर म्हणतात तशा कादंबऱ्या आणायची. निवड पानांवर. "गाऊनला चारशे पानं लागतात. जाकिटाला अडीचशे. कवितेत ब्लाउजसुदा होत नाय." वाचनालयातल्या बाईंनी एकदा कौतुकाने विचारलं, "कशी वाटली कादंबरी?" ही म्हणाली, "एक गाऊन आणि एक कोट. बाही लावताना जरा रडू आलं."

पुस्तक धरायला माझी नेमणूक झाली, कारण मी बोलत नसे. माझी पंचाईत वेगळीच. ती भराभर वाचायची, मी एकेक अक्षर लावत. मी अर्ध्या पानावर पोचले की हिचं "पलट". त्यामुळे मराठीतल्या कितीतरी थोर कादंबऱ्या मला वरच्या अर्ध्या पानापुरत्याच माहीत आहेत. नायक दार उघडतो ते मला ठाऊक. दारात कोण होतं, ते खाली राहिलं.

मग जेवणाच्या सुट्टीत मी विचारायचे, "ताय, पुढे काय झालं?" डब्यातली अर्धी भाकरी बाजूला सारून ती सांगायची. अर्धी भाकरी मापासाठी. पापलेट असलं तरी एकच तुकडा. नारळी पुनवेला अख्खं गाव करंज्या खायचं, हिच्या हातात अर्धी करंजी आणि मुद्रा अशी, की राहिलेली अर्धी जणू देवानेच खाल्ली.

तिच्या गोष्टीत कुठलीच नायिका मरत नसे. नदीवर जायची, पाण्यात पाय घालून बसायची, परत यायची आणि शिवणकाम शिकायची. मी त्यातली एक कादंबरी नंतर घरी नेऊन सगळी वाचली. महिना लागला. नायिका नदीत गेली ती परत आलीच नाही. दुसऱ्या दिवशी मी प्रमिलातायला धीर करून म्हटलं, "ती तर मेली की गं."

"हां, मेली होती. मी ऑल्टर केलं." ऑल्टर म्हणजे चुकलेला पीस उसवून दुरुस्त करणं. "लेखकाला ती जिवंत ठेवून पुढं काय करायचं ते सुचलं नाय. मना सुचलं."

लेखकांवर तिचा रागच होता. "बग, लिवलंय, तिची कंबर मुठीत मावंल अशी. मुठीत? मंग जेवण कुठं जातं? ही सहा पानं चालत गेली माहेरी, भर उन्हात, शालू नेसून. घामाचा एक शब्द नाय. शालू नेसून चाललाय का हा बाबा कदी?" सगळ्या नायिकांना तिने साइज लावले होते. एकजात एक्स्ट्रा स्मॉल. "लार्ज बाई पुस्तकात असते, नाय असं नाय. पण ती सासू असते, नायतर स्वयंपाकीण. प्रेमात पडलेली लार्ज बाई दाखव, मी तुला माझा पगार देते."

परदेशातून कधीमधी छापील पुस्तिका यायची. गुळगुळीत कागद, आमच्या कंपनीचे गाऊन घातलेल्या गोऱ्या, उंच मुली. गाल आत गेलेले, नजर कुठेतरी लांब. प्रमिलाताय बोट ठेवून सांगायची, "हा खांदा माझा. ही कंबर माझी. अंग माझं, तोंड तिचं." हेवा नव्हता. उलट म्हणायची, "बिचारी उपाशी हाय. हिला कुणी विचारलं का, काखेत रुततंय का म्हणून?"

रिक्षास्टँडवर तिला "मॉडेल" म्हणून चिडवायचे. "ओ मॉडेल, कुठं चाललात? फॅशन शोला?" ती शेअर रिक्षात पाय टाकत म्हणायची, "सरका तिकडं. मीडियम बसतेय." लग्नाचं कुणी काढलं तर म्हणायची, "एक पोर झालं असतं तर मी लार्ज झाले असते. मंग दोनशे बायांनी काय शिवलं असतं?" सगळ्या हसायच्या. मीही हसायचे.

गेल्या उन्हाळ्यात मॅनेजर साहेब आणि मुंबईच्या डिझायनर मॅडम सॅम्पल रूममध्ये आले. मागून दोन माणसांनी खोकं आणलं. आत कापडाची बाहुली, लोखंडी दांड्यावर. मानेच्या वर काही नाही.

प्रमिलाताय पाटावर होती. अंगावर काळा गाऊन, एकच बाही लावलेली.

"हिला मुंडकं कुठं हाय?" तिने विचारलं.

मॅडम गोड बोलायच्या. "फिटिंगला डोकं लागत नाही, प्रमिलाताई."

"तेच म्हणते मी. तुमाला डोकं नकोच हाय."

मास्तर खोकले. मास्तर म्हणजे आमचे म्हातारे पॅटर्न मास्तर, उत्तर प्रदेशचे. तीस वर्षं तिला टाचण्या लावणारे तेच.

साहेब म्हणाले, "ताई, तुम्ही चोपन्नच्या झालात. बाहुलीचं वय वाढत नाही."

"वय वाढलं. माप वाढलं का? मास्तर, लावा टेप!"

मास्तरांनी टेप लावली. "छत्तीस. अठ्ठाईस. अडतीस." शेवटचा आकडा सांगताना त्यांनी साहेबांकडे बघितलंच नाही.

तरीही साहेब म्हणाले, "हिशेब महिनाअखेर मिळेल."

प्रमिलाताय पाटावरून उतरली. मला वाटलं गाऊन काढेल. ती तशीच दार ढकलून बाहेर गेली. एक हात उघडा, अंगभर टाचण्या, मागे काळ्या कापडाचा घोळ. शिवणकामाच्या दोन रांगांच्या मधून ती चालत गेली, अगदी सावकाश, फाटकापर्यंत. तिथे वळली, कमरेवर हात ठेवला आणि परत आली. मशिनी एकेक करून थांबल्या. कुणीतरी शिट्टी मारली, मग टाळ्या सुरू झाल्या. सुपरवायझर ओरडत होता, "काम करो, काम करो!" पण तोही बघतच होता. मॅडमच्या समोर येऊन ती म्हणाली, "तुमच्या बाहुलीला एवढं चालून दाखवायला सांगा. मंग मी जाते."

बाहुली चालली नाही. तरी प्रमिलाताय गेली.

दिवाळीच्या सुमारास मी तिच्या गावी गेले. मला कुणाच्या घरी जायला फार संकोच वाटतो. दारापर्यंत जाऊन दोनदा परत फिरले. तिसऱ्यांदा तिनेच आतून हाक मारली, "सुरेखे, येतेस का अशीच फेऱ्या मारतेस? शेजारीण मोजत बसलीय."

ती जेवत होती. ताटात अख्खं पापलेट, भात, भाकरी, आणि बाजूला दोन करंज्या. गाल भरले होते. दंडाला झंपर तट्ट बसला होता.

"बगतेस काय? आता कुणासाठी मोजू?"

कोनाड्यात वाचनालयाचं पुस्तक होतं, खूण पहिल्याच प्रकरणात. मी विचारलं तर म्हणाली, "बसून वाचता येत नाय गं. उभं राहून बघितलं, तेही जमलं नाय." ती माशाचा काटा निवडत राहिली. "आई गेली. भाऊ वेगळा झाला. घरात मी नि मांजर, आणि मांजराला अंगाला हात लावलेला खपत नाय. मास्तरांच्या टाचण्या टोचायच्या. पण टोचायला माणूस जवळ तर यायचा. पाच महिने झाले सुरेखे, माझ्या अंगाला कुणाचं बोट लागलं नाय."

ताट माझ्याकडे सरकवत ती म्हणाली, "करंजी घे. अख्खी घे."

मी गेले होते ते खरं तर एक बातमी घेऊन. परदेशातून माल परत आला होता, सगळा लार्ज साइजचा. बाहुली मीडियम, तिचंच माप कागदावर इंच-इंच वाढवून लार्ज काढला होता. पण बाई अशी सगळीकडून सारखी वाढत नाही. दंडात घट्ट, गळ्यात ढगळ. पूर्वी कुठे किती सोडायचं ते प्रमिलाताय सांगायची. साहेब मास्तरांवर ओरडले. मास्तर शांतपणे म्हणाले, "साहब, बाहुली को पूछिए. मैंने तो पूछा था, वो कुछ बोली नहीं." आणि मग मला बाजूला घेऊन म्हणाले, "उसको ले आ."

मी हे सगळं सांगितलं. प्रमिलातायने हात धुतले, आरशासमोर उभी राहिली, एका बाजूला वळली, परत सरळ झाली आणि हसत सुटली.

सोमवारी ती कंपनीत आली. साहेबांनी तिला वरपासून खालपर्यंत बघितलं. "ताई, तुम्ही तर... माप गेलं की हो!"

"गेलं नाय, आलं. मीडियमला तुमची मुंडकं नसलेली हाय. लार्जला कोण हाय? जगात लार्ज बाया काय फक्त सैपाक करतात? त्या गाऊन घालत नायत? प्रेमात पडत नायत?"

"प्रेमाचं मला माहीत नाही," साहेब म्हणाले, "पण चाळीस टक्के ऑर्डर लार्जची आहे."

"मंग चाळीस टक्के मी हाय. आणि फिटिंगला पुस्तक चालू राहील."

मॅडमने काहीतरी बोलायला तोंड उघडलं. साहेबांनी हातानेच थांबवलं. जागा तिची झाली.

आता तिचं नवं माप नोंदवायचं होतं. मास्तरांनी टेप काढली, तिच्याभोवती एकदा फिरून बघितलं आणि कपाळाला हात लावला. "अब मेरे हाथ नहीं पहुँचते, प्रमिला. तू जवान थी तब मैं भी जवान था." सॅम्पल रूम हसली. त्यांनी टेप माझ्या हातात दिली. "सुरेखा, तू ले."

मी कधी कुणाचं माप घेतलं नव्हतं. छातीचं माप घ्यायचं म्हणजे टेप पाठीमागून आणावी लागते. त्यासाठी दोन्ही हात समोरच्या बाईच्या भोवती घालावे लागतात आणि गाल जवळजवळ तिच्या खांद्याला टेकतो. मी लाजत पुढे झाले. प्रमिलातायने सवयीने हात पसरले. माझे हात तिच्या पाठीमागे गेले, टेपचं टोक सापडेना. तिच्या साडीला सुक्या मासळीचा आणि साबणाचा वास होता. ती अगदी स्तब्ध होती. श्वाससुद्धा धरून ठेवला होता.

टेप जुळली. मी आकडा वाचला.

"बेचाळीस," मी मास्तरांना सांगितलं. त्यांनी लिहून घेतलं.

मी हात काढायला लागले तशी ती माझ्या कानाशी हळूच म्हणाली, "चुकलं असंल. परत घे."

आकडा बरोबर होता. मी परत घेतला.