मामा जपानमार्गे

"शंभूराजचं जावळ रविवारी दहाला म्हणजे दहालाच! वीरधवल शनिवारी रात्री बाराला मुंबईत उतरतोय. मी मोजलंय!"

उत्कर्षानं कोरेगावच्या सासरघरी असं ठणकावून सांगितलं. मामाच्या मांडीशिवाय जावळ नाही, आणि शंभूचा हा एकुलता एक मामा दोन वर्षांनी सॅन फ्रान्सिस्कोहून येत होता.

खरं तर वीरधवलनं फोनवर सांगितलं होतं, "ताई, साडेसोळा तास. शनिवारी दुपारी चारला उतरतो."

पण उत्कर्षा पडली भूगोलातली बी.एड.! भिंतीवर जगाचा नकाशा लावून तिनं दोरा ताणला. अमेरिका, युरोप, अरबस्तान, मुंबई. एकवीस हजार किलोमीटर! चोवीस तास तर हवेतच!

"कंपन्या कमीच सांगतात, गिऱ्हाईक यावं म्हणून," तिनं सासऱ्यांना समजावलं.

शनिवारी सकाळी शंभूला एका हातानं नाचणी भरवत तिनं मोबाइलवर विमान शोधलं आणि चमचा बाळाच्या नाकात गेला.

"आबा! विमान जपानवर आहे!"

सासरे नाथाजी सुभेदार धावत आले. पलटणीत नकाशावाचनात पहिले! त्यांनी भिंत बघितली. मुंबई उजवीकडं, विमान मात्र अमेरिकेच्या डाव्या कडेनं बाहेर पडलेलं.

"उलटं गेलं की! पोरगं बोर्ड न वाचता बसलं. मागं सांगलीला जायचं सोडून फलटणच्या एसटीत बसलं हुतं का न्हाई?"

"बसला होता!" उत्कर्षाला हुंदका आला. गुरुजींनी दिलेला पुढचा दिवस दोन महिन्यांनी, आणि मामाची सुट्टी आठ दिवसांची! नाकाला पदर लावून तिनं नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकलं : मामा चुकून जपानला गेला. जावळ रद्द.

चाळीस माणसांनी रडके चेहरे पाठवले. न्हावी दादांनीसुद्धा.

दुपारी सासूबाईंनी, भामाबाईंनी, तो नकाशा काढून गुंडाळायला घेतला. "आगं बया," दोन्ही कडा एकमेकींना टेकल्या तशा त्या मध्येच थांबल्या. "हे जपान तर अमेरिकेच्या शेजारीच आलं की गं. आन् जपानच्या पल्याड आपुन!"

सुभेदारांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा घातलाच नाही.

तेवढ्यात फोन वाजला.

"ताई, उतरलो! गाडी कुठाय?"

त्याला आणायला जायची गाडी कोरेगावातच होती. बिचारा भाड्याची गाडी करून रात्री साडेअकराला पोचला. तोवर उत्कर्षानं एकेकाला फोन करून जावळ पुन्हा ठरवलं. पृथ्वी गोल आहे, हे मात्र कुणाला सांगितलं नाही. लाज वाटली!

रविवारी दहाच्या ठोक्याला शंभू मामाच्या मांडीवर बसला. कात्री चालली. तासगावच्या मावशी बेदाण्यांची पिशवी घेऊन पुढं सरकल्या.

"वीरधवल, जपान कसं हाय रं? एकटा घाबरला न्हाईस न्हवं?"

उत्कर्षानं मान खाली घातली. कानाच्या पाळ्या तापल्या. वीरधवलनं एकदा तिच्याकडं पाहिलं. ग्रुप वाचून त्याला सगळं कळलेलं होतं.

"लय छान हाय, मावशी," तो म्हणाला. "खिडकीतनं बघितलं. फलटणपेक्षा बरंय."