पाठवणीची तयारी

धाकट्या लेकीच्या, मधुवंतीच्या लग्नाला दोन महिने उरले आणि कृष्णकांतरावांची झोप उडाली. चिंता होती डोळ्यांची. खापरखेड्याच्या वीज केंद्रात तीस वर्षं पडद्यावरचे आकडे बघून डोळे पार कोरडे पडले होते. थोरल्या गुंजनच्या पाठवणीला जीव तुटत होता, पण डोळ्यांतून टिपूस आलं नाही. "दादाच्या छातीत काळीज आहे का दगड," असं बहीण पुष्पलता तेव्हा भर मांडवात म्हणाली आणि पुढे प्रत्येक लग्नात म्हणत राहिली. आता धाकटीलाही तसंच वाटलं तर, या धास्तीनं बिचाऱ्यांना जेवण जाईना.

शेवटी ते सक्करदऱ्याला चिनी उपचार करणाऱ्या सोनिकाबाईंकडे गेले. बाईंनी डोळ्यांभोवती बारीक सुया टोचल्या आणि वाळवलेल्या शेवंतीचा चहा दिवसातून एकदा घ्यायला सांगितला. कृष्णकांतराव मुळात घाबरट. कमी पडायला नको म्हणून सहादा घेऊ लागले.

गुण आला, पण साक्षगंधाच्या दिवशी. मधुवंतीच्या बोटात अंगठी गेली आणि त्यांच्या डोळ्यांना धार लागली. पुसावं तर आणखी पाणी येई. पाहुण्यांत कुजबुज सुरू झाली. नवरदेवाचे वडील मारोतराव पांढरेफटक पडले. पानं वाढणाऱ्यांना थांबवून ते जवळ आले.

"खरं सांगा, व्याहीबुवा. पोरीले पसंत नसंल तर आत्ताच थांबू. काहून रडून राहिले तुम्ही?"

लग्न मोडायची वेळ आली म्हटल्यावर लाज कसली! कृष्णकांतरावांनी उभं राहून सगळ्यांसमोर सुया सांगितल्या, चहा सांगितला, सहा कपही कबूल केले. मंडळी पोट धरून हसली आणि साक्षगंध पार पडलं. घरी येताच त्यांनी चहा फेकला, सुयाही बंद केल्या. डोळे पुन्हा जसेच्या तसे कोरडे झाले.

लग्न लागलं. गाडीपाशी मधुवंती त्यांच्या गळ्यात पडली. "बाबा, बीपीची गोळी विसरू नका हं," एवढंच म्हणाली, आणि कृष्णकांतराव लहान मुलासारखे हुंदके देऊन रडू लागले.

मारोतराव पुन्हा धास्तावले. पुष्पलतेनं त्यांना धीर दिला, "काही नाही हो. दादानं आज चहा जास्तच घेतला दिसते."

सगळे हसले. मधुवंतीही डोळे पुसत, हसत गाडीत बसली. आज एक घोटही घेतला नाही, हे सांगायला कृष्णकांतरावांनी तोंड उघडलं, पण हुंदक्यांमुळे शब्दच फुटेना.