आधी मला बिघडवू द्या

आमच्या इमारतीत स्वतःचा धडधाकट कॉम्प्युटर मुद्दाम बिघडवणारा एकच माणूस आहे, आणि तो मी नाही. मी बिघडवतो ते न ठरवता. तिसऱ्या मजल्यावरचे तांबोळीकाका मात्र ठरवून, चहा पिऊन, चष्मा पुसून बिघडवतात.

याचं कारण असं. 'अडलं-नडलं' नावाचं इंटरनेटवर एक मराठी मंडळ आहे. कुणाचा प्रिंटर रुसला, कुणाचा फोन तापला, की तिथे गाऱ्हाणं लिहायचं. ज्याला ठाऊक असेल तो फुकटात उत्तर देतो. ज्याला ठाऊक नसेल तो जास्त लवकर देतो. काकांचा नियम वेगळा. समोरच्याच्या घरचा बिघाड आधी आपल्या घरी आणायचा, तसाच्या तसा. मग तो आपण दुरुस्त करायचा आणि नंतरच तोंड उघडायचं. त्यामुळे कुठल्याही प्रश्नावर त्यांचं पहिलं उत्तर एकच असतं : "थांबा. आधी मला बिघडवू द्या."

नोकरीची सगळी वर्षं त्यांनी टेलिफोन खात्यात तक्रारी ऐकण्यात काढली. "लोक शेजाऱ्याच्या फोनवरून स्वतःच्या फोनला शिव्या द्यायचे. मी नंबर लिहून घ्यायचो. शिव्याही लिहून घ्यायचो, त्यात पत्ता असायचा," असं ते अगदी सरळ चेहऱ्याने सांगतात. पत्ता म्हणजे बिघाडाचा. निवृत्त झाल्यावर त्यांनी जुन्या बाजारातून एकेक करत सात कॉम्प्युटर जमवले आणि हॉलमध्ये मांडले. सोफा बाहेर गेला. दारावर पाटी आली : 'बिघाड चालू आहे. बेल एकदाच दाबावी.'

एकदा साताऱ्याच्या एका गृहस्थांनी कीबोर्डवर चहा सांडला. मंडळावर पंधरा जणांनी पंधरा उपाय सुचवले. काकांनी विचारलं, "आपण चहात साखर किती घेता?" गृहस्थ बिथरले. आपल्याला कुणीतरी मधुमेहाचं औषध विकतंय असं त्यांना वाटलं. काकांनी खुलासा केला, "आपल्या प्रकृतीची चौकशी नाही. कीबोर्डच्या दृष्टीने विचारतोय." उत्तर आलं, तीन चमचे. काकांनी तीन चमचे साखरेचा चहा केला, अर्धा प्यायला, अर्धा स्वतःच्या कीबोर्डवर ओतला आणि बारा तास वाट पाहिली. दुसऱ्या दिवशी साताऱ्याचा कीबोर्ड चालू झाला. काकांच्या घरात मुंग्या झाल्या.

दुसऱ्या वेळी रत्नागिरीहून तक्रार आली की प्रिंटरमध्ये कागद अडकतो. आता रत्नागिरीची हवा पुण्यात आणायची कुठून? मी सहज गेलो तर काका बाथरूमच्या दारात स्टूल टाकून बसलेले, आत गरम पाण्याची बादली आणि बादलीवरच्या चाळणीत कागदाचा गठ्ठा.

"काका, हे काय?"

"कोकण," काका म्हणाले. "दार लावा, निसटेल."

आता माझ्याविषयी. मी हिंजवडीत नोकरी करतो आणि त्यामुळे मला सगळं येतं असा माझा, माझ्या आईचा आणि लग्नानंतर काही महिने माझ्या बायकोचाही समज होता. 'अडलं-नडलं'वर उत्तर उपयोगी पडलं की विचारणारा 'शाबास' देतो. काकांच्या नावापुढे शाबासक्यांची रांग, आणि माझ्या नावापुढे दोन. त्यातली एक आईची. टेलिफोन खात्यातला निवृत्त माणूस मुंग्यांच्या जोरावर माझ्यापुढे जातो हे मला सहन होईना. काका दोन दिवस बिघडवत बसतात, तेवढ्यात आपण उत्तर देऊन मोकळं व्हायचं, असं मी ठरवलं.

संधी लगेच आली. स्वारगेटहून निघालेली कंपनीची बस नेहमीसारखी वाटेत तुंबली होती आणि मी मोबाइलवर मंडळ उघडलं. वाघोलीच्या कुसुमताईंचा प्रश्न होता. ताई तिथे कित्येक वर्षं शिवणाचा वर्ग चालवत होत्या. आता नजर साथ देईना म्हणून वर्ग बंद होणार होता. 'बेतणं आणि शिवणं' हे त्यांचं पुस्तक त्यांनी जुन्या कॉम्प्युटरवर, जुन्या मराठी फाँटमध्ये, रोज थोडंथोडं असं टाइप केलं होतं. शेवटच्या तुकडीतल्या मुलींना ते हातात देऊन निरोप द्यायचा, एवढी त्यांची इच्छा. पण छापखान्याच्या कॉम्प्युटरवर ती अक्षरं उमटत नव्हती, नुसती चिन्हं दिसत होती. काय करावं?

काकांचं उत्तर आलेलं होतंच : "थांबा. आधी मला बिघडवू द्या."

मी त्याखाली ठोकलं, "सोप्पं आहे ताई! फाइल साध्या मजकुरात सेव्ह करा. नाव तेच ठेवा. 'बदल करायचा का' विचारलं की 'हो' म्हणा." आणि शाबासकीची वाट बघत हिंजवडीला उतरलो.

संध्याकाळी ताईंचा निरोप होता : "सांगितलं तसं केलं. आता सगळीकडे प्रश्नचिन्हं आहेत. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत. दुसरी प्रत नाही. छापखान्याने त्यांच्याकडची निरुपयोगी म्हणून पुसली."

मी तो निरोप चार वेळा वाचला. एका बाईचं आयुष्यभराचं शिक्षण मी बसमधून, एका अंगठ्याने पुसून टाकलं होतं. नाव बदलून दुसऱ्या शहरात जावं असा विचारही मनात आला. पण मग गृहकर्जाचं काय, म्हणून तिसऱ्या मजल्यावर गेलो. बेल एकदाच दाबली.

काकांनी निरोप आधीच वाचला होता. ते रागावले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "या, इंजिनियरसाहेब. बसा. आपण जे केलंत ते इथे करून दाखवा."

त्यांनी ताईंकडे असलेला टायपिंगचा जुना प्रोग्राम एका कॉम्प्युटरवर चढवून ठेवला होता आणि त्यात नमुन्यादाखल चार पानं टाइपही केली होती. मी बसलो, सवयीने योग्य ती तीन बटणं दाबली, फाइल उघडली. मराठी व्यवस्थित दिसत होतं.

"हे बरोबर झालं," काका म्हणाले. "मला चूक हवी आहे."

पुन्हा केलं. पुन्हा बरोबर.

"अहो, गरीब बाईला सांगताना चुकता, आणि मी मागतोय तर शहाणपणा करता? चुकीत सुधारणा करू नका. बसमध्ये होतात ना? मग तसे बसा. घाई करा. कुणावर तरी कुरघोडी करायची आहे असं मनात आणा."

मी मान खाली घालून घाई केली. आठव्या की नवव्या खेपेला पडदाभर प्रश्नचिन्हं उमटली.

"अभिनंदन!" काकांनी माझी पाठ थोपटली. नोकरीत इतक्या वर्षांत माझी पाठ कुणी थोपटली नव्हती. "आता हात मागे. कशाला हात लावू नका."

मग ते पडद्याला नाक लावून त्या फोल्डरमधली एकेक फाइल बोटाने मोजत बसले. लपवलेल्या फाइलीही त्यांनी उघड्या केल्या. आणि तिथे, आमच्या बिघडलेल्या फाइलीच्याच मिनिटाला जन्मलेली, विचित्र शेपटीचं नाव असलेली आणखी एक फाइल होती. काकांनी ती उघडली. त्यांची चारही पानं जशीच्या तशी! तो जुना प्रोग्राम नवीन सेव्ह करायच्या आधी मागची प्रत गुपचूप बाजूला ठेवत होता. मी उडी मारली. काकांनी मारली नाही.

"एकच ठेवतो," ते म्हणाले. "परत सेव्ह केलं की तिच्यावर प्रश्नचिन्हांची प्रत चढते." हे त्यांनी करून बघितलं होतंच, माझी उडी खाली येईपर्यंत.

म्हणजे आता सगळं एकाच गोष्टीवर होतं. काकांनी ताईंना फोन लावला. "ताई, तांबोळी बोलतोय, 'अडलं-नडलं'वरचा. त्या प्रकारानंतर आपण मशीनवर काही केलंत? घाबरू नका, खरं सांगा."

मला माझ्या छातीचे ठोके सातही कॉम्प्युटरांतून ऐकू येत होते.

"काही नाही केलं," ताई म्हणाल्या. "त्या मुलाचा इतका संताप आला होता, की वायर उपटली आणि वर चादर टाकून ठेवली. तोंड नको बघायला त्या मशीनचं."

"उत्तम!" काका म्हणाले. "राग तसाच राहू द्या. रविवारी येतो. चादर मीच काढीन."

रविवारी मी, काका आणि काकांची स्क्रूड्रायव्हरची पिशवी असे नगर रस्त्याने वाघोलीला गेलो. ताईंच्या वर्गात दहा-बारा मुली मशीन थांबवून आमच्याकडे बघत होत्या. ताई ठेंगण्या, गळ्यात टेप, जाड भिंगाचा चष्मा. माझ्याकडे बघून त्यांनी काकांना विचारलं, "हाच का तो?"

"हाच," काका म्हणाले. "पण ताई, यांनी तीच चूक पुन्हा करून दाखवली म्हणून वाट सापडली. फार कष्टाने केली."

काकांनी चादरीची घडी करून मग वायर लावली. फोल्डर उघडलं. विचित्र शेपटीची फाइल तिथे होती. काकांनी आधी तिच्या तीन प्रती तीन ठिकाणी काढल्या आणि मगच तिच्यावर हात ठेवला. जुन्या फाँटमधला मजकूर नव्यात नेणारा छोटा प्रोग्राम मी दोन रात्री जागून लिहिला होता. मुंग्यांच्या पद्धतीने, म्हणजे काकांच्या मशीनवर शंभरदा बिघडवून. तो चालवला. पडद्यावर ठळक, स्वच्छ अक्षरं आली : 'प्रकरण पहिले. सुईत दोरा ओवणे.'

ताईंनी पडद्याजवळ तोंड नेऊन ते मोठ्याने वाचलं. मग दुसरी ओळ. मग मुलींनी असा काही गलका केला की खालचा दुकानदार वर बघायला आला. एकीने तर आनंदाच्या भरात शिवणाचं मशीन मोकळंच पळवलं. काकांनी दोन्ही हात कमरेवर ठेवले आणि टेलिफोन खात्याची अख्खी वायरिंग एकट्याने जोडल्यासारखे उभे राहिले. ताईंनी मला शिरा दिला. पण त्याआधी माझ्या शर्टाचं तुटकं बटण बघून हातात सुई दिली. "इंजिनियर ना तू? लाव." मी लावलं. एका मुलीने ते उसवून परत लावलं.

पुस्तक वेळेत छापून झालं. निरोपाच्या दिवशी प्रत्येक मुलीच्या हातात एकेक प्रत पडली. ऋणनिर्देशात तांबोळीसाहेबांचं नाव होतं, आणि त्याखाली 'एक इंजिनियर, ज्यांच्यामुळे हे सारे घडले' असंही होतं. ही स्तुती आहे की नाही यावर आमच्या घरी अजून एकमत नाही.

या गोष्टीला आता तीनेक महिने झाले. परवा संध्याकाळी काही कामासाठी काकांकडे गेलो. दार उघडंच होतं. सातही कॉम्प्युटर बंद. काका खिडकीपाशी खुर्ची टाकून बसले होते, मांडीवर पुस्तक, टेबलावर स्पीकरवर ठेवलेला फोन. फोनमधून कुसुमताईंचा आवाज येत होता : "...बाहीच्या मुंढ्यापासून अर्धा इंच सोडून खूण करावी. अस्तर घातलेले असल्यास पाऊण इंच..." काका डोळे मिटून ऐकत होते.

मी हळूच विचारलं, "काका, हे काय चाललंय?"

"तपासणी," काका कुजबुजले. "ताई पडद्यावर अक्षरं मोठी करून वाचतात, मी पुस्तकाशी ताडून बघतो. एक चूक राहिली तर दुसऱ्या आवृत्तीत जायची."

"पण तपासायचा प्रोग्राम मी दिला होता ना तुम्हाला? वापरला नाहीत?"

"वापरला. पहिल्याच दिवशी."

"मग?"

"एकही चूक नाही."

मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. मांडीवरचं पुस्तक मिटलेलं होतं.

फोनमधून ताईंनी विचारलं, "तांबोळीसाहेब, आहात ना? झालं हे प्रकरण. ठेवू आता?"

काकांचे कान या वयातही असे आहेत, की चौथ्या मजल्यावरचा पंखा कुठल्या पात्यावर करकरतो ते सांगतात. ते फोनवर वाकले.

"ताई, मुंढ्याचं पान परत एकदा वाचता का? मला नीट ऐकू आलं नाही."

"कालसुद्धा हेच पान दोनदा वाचलं," ताई म्हणाल्या. मग पलीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज आला. त्या खाकरल्या. "बरं. ऐका."

मी चपला हातात घेऊन बाहेर आलो.