बेहड्याच्या वळणावरचा बिघाड

एका जंगलात, मुलांनो, एक अस्वल राहत होतं आणि त्याच्याकडे एक जुनी मोटारसायकल होती. दोघांपैकी सकाळी उठायला जास्त त्रास कोण देतं, हे त्याच्या बायकोला कधीच ठरवता आलं नाही.

अस्वलाचं नाव बजाबा. बायकोचं नाव हौसाबाई. बजाबा गाडीशी ‘अगं’ म्हणून बोलायचा. हौसाबाई घरातून ओ द्यायची, आणि मग दोघांनाही लाज वाटायची.

हसू नका. हसणारी मुलं मोठी होऊन अशाच गाड्या घेतात. मला कसं माहीत, ते विचारू नका.

गाडी सुरू करायची एक रीत होती. आधी टाकीखालचा, डाव्या गुडघ्यापाशी असलेला पेट्रोलचा कॉक उघडायचा. तो बंद राहिला तर गाडी थोडी पुढे जाऊन गप्प होणार. मग चोक ओढायचा. मग दोन किका नुसत्याच मारायच्या, गाडीला जाग यावी म्हणून. मग आकाशाकडे बघून तिसरी. तिसऱ्या किकेला गाडी सुरू झाली की बजाबा आजूबाजूला बघायचा. तेव्हा नेमकं कोणी नसायचं. विसाव्या किकेला मात्र अर्धं जंगल गोळा व्हायचं.

“गाडी बंद पडत नाही,” बजाबा त्यांना सांगायचा. “ती विचार करते.”

जंगलात एव्हाना सगळ्यांकडे नव्या गाड्या आल्या होत्या. सशाकडे नवी, भेकराकडे नवी. कासवानेसुद्धा हप्त्यावर घेतली होती आणि ते आता कोणाला ओळख दाखवत नव्हतं. पण बजाबाची गाडी रस्त्याकडेला उभी दिसली की सगळे थांबायचे. गवा उकिडवा बसून म्हणायचा, “प्लग काढून बघ.” वानर म्हणायचं, “कार्बोरेटरमध्ये कचरा असणार, लिहून देतो.” दोघांनाही काडीचं कळत नव्हतं. बजाबालाही फारसं कळत नव्हतं. पण अर्धा तास असा काही मजेत जायचा की गाडी सुरू झाल्यावर सगळ्यांना थोडं वाईट वाटायचं.

एवढ्यावर भागलं असतं तर ही गोष्ट झालीच नसती. पण दर वर्षी भाऊबीज यायची.

हौसाबाईचं माहेर होतं सात कोसांवर, ओढ्यापलीकडच्या रानात. भाऊ येसाजी सकाळपासून पाटावर बसायचा. बहिणीने ओवाळल्याशिवाय तो तोंडात काही घालायचा नाही. आणि बजाबाची गाडी ओढा ओलांडला, बेहड्याचं वळण आलं, की नेमकी तिथेच विचार करायला लागायची. एक नाही, दोन नाही, अकरा वर्षं!

बजाबा डावा गुडघा खाजवत खाली उतरायचा. हत्यारांची पिशवी उघडायचा, फडकं पसरायचा आणि पान्हे ओळीने मांडायचा. हौसाबाई बेहड्याच्या मुळावर बसून कपाळाला हात लावायची. थोड्या वेळाने कपाळावरचा हात निघायचा आणि डबा उघडायचा. दोघं चकल्या खायची. बजाबा प्लग घासता घासता म्हणायचा, “काय गं, तुझ्या त्या मावशीचं पुढे काय झालं?” हौसाबाई सांगायची. वर्षभर घरात दोघं एकमेकांशी बोलायची, नाही असं नाही. पण ते ‘मीठ संपलं’, ‘दार लाव’ असलं बोलणं. मावशी फक्त बेहड्याखालीच यायची.

मग चार वाजता माहेरी. येसाजी भुकेने पाटावरच आडवा झालेला असायचा.

बाराव्या वर्षी हौसाबाईने कंबर कसली.

“यंदा मला वेळेवर पोचायचंय. माझा भाऊ दर वर्षी उपाशी बसतो आणि मी मान खाली घालून आरती फिरवते. यंदा बिघाड चालणार नाही. कुठलाही.”

“अगं, यंत्र आहे ते. त्याला काय सांगणार?”

“कुठलाही,” हौसाबाई पुन्हा म्हणाली आणि तिने त्याच्या गुडघ्याकडे बघितलं. “नाहीतर पुढच्या वर्षीपासून मी चालत जाईन. एकटी.”

तिने एकदा मनावर घेतलं की ते करून दाखवणारच, हे बजाबाला ठाऊक होतं. दुसऱ्याच दिवशी तो मुंगसाच्या दुकानात गेला.

मुंगसाने नवी गाडी दाखवली. बटण दाबलं की सुरू. आवाज नाही, धूर नाही. समोर एक पाटी होती आणि ती बोलायची. बजाबा वर बसल्याबरोबर ती म्हणाली, “नमस्कार. वजन मर्यादेपेक्षा जास्त आहे.”

“हिचा पेट्रोलचा कॉक कुठंय?” बजाबाने डावीकडे चाचपत विचारलं.

“कॉक नसतो, साहेब. गाडी सगळं आपलं आपण बघते.”

“बिघडली तर?”

“बिघडत नाही.”

“समजा हो, बिघडलीच!”

“मग तुम्ही हात लावायचा नाही.”

हे शेवटचं बजाबाला फार लागलं. पण हौसाबाईसाठी त्याने गाडी घेतली. जुनी गाडी दिवाळीनंतर साळिंदर भंगारवाल्याने न्यावी, असं ठरलं. हे ठरवताना नवराबायको स्वयंपाकघरात दार लावून कुजबुजत होती. गाडीच्या देखत तिला विकायचं बोलायचं नसतं. बोललं तर ती रुसते आणि सुरू होत नाही. तुम्हाला हे खुळं वाटेल. जुन्या गाडीच्या कुठल्याही मालकाला विचारा, तो आधी तुम्हाला गाडीपासून लांब नेईल आणि मग हो म्हणेल.

भाऊबिजेच्या सकाळी नवी गाडी निघाली. मुलांनो, काय ती धाव! झाडं दिसायच्या आत मागे पडत होती. बजाबाला म्हणायचं होतं, “अगं, ते बघ मोहाचं झाड.” ‘अगं’ म्हणेपर्यंत मोह गेला. ओढा आला, गेला. बेहड्याचं वळण आलं तसा बजाबाचा डावा हात आपसूक गुडघ्याशी गेला. तिथे काहीच नव्हतं. वळणही गेलं. पाटी म्हणाली, “पुढे सरळ.” हौसाबाईने वळून बेहड्याकडे बघितलं, तर तो सुपारीएवढा दिसत होता.

साडेआठला माहेर! येसाजी आंघोळीला गेला होता.

“आलात वन्सं? अगदी वेळेवर!” भावजय आनंदाने म्हणाली आणि तिने पोळपाट पुढे केला. “तीनशे करंज्या व्हायच्यात. बरं झालं बाई, दर वर्षी मी एकटीच मरते.”

येसाजी आंघोळ करून आला, हौसाबाईने ओवाळलं, सगळं अर्ध्या तासात झालं. मग हौसाबाई करंज्या लाटत बसली आणि येसाजी बजाबाला धरून बसला. येसाजीला नवीन वारूळ बांधायचं होतं. त्याने नकाशा काढला. मुंग्या कुठून येणार, कुठून जाणार, पाहुण्या मुंग्या कुठे उतरणार, हे त्याने जेवणापर्यंत सांगितलं. जेवणानंतर त्याने दुसरा नकाशा काढला. दर वर्षी भुकेने आडवा झालेला हा भला माणूस, मुलांनो, पोट भरल्यावर इतका बोलतो, हे बजाबाला बारा वर्षांत प्रथमच कळलं.

नवी गाडी बघायला सगळं रान आलं. “छान आहे,” म्हणालं आणि गेलं. कोणी उकिडवं बसलं नाही. प्लग काढून बघ, असं कोणीही म्हणालं नाही.

परतताना हौसाबाई खांदे चोळत होती. मावशीचा विषय निघाला नाही. वीस मिनिटांत घर आलं आणि हौसाबाई म्हणाली, “मीठ संपलंय.”

आठ दिवसांनी साळिंदर हातगाडी घेऊन आला. बजाबाने ओठांवर बोट ठेवलं. जुन्या गाडीकडे पाठ करून त्याने खुणेने दाखवलं, हीच ती, न्या. दाखवताना त्याचे डोळे भरले. अगदी खरं सांगतो, माझेही भरलेत.

साळिंदराने हँडलला हात घातला तेवढ्यात हौसाबाई पिठाचे हात तसेच घेऊन बाहेर आली.

“कोण विकतंय गाडी?” ती चांगली मोठ्याने म्हणाली. “नवी आहे ना, ती द्या येसाजीला. त्याला पाहुण्या मुंग्या आणायला होईल.”

“अगं, हळू! तिने ऐकलं ना!”

तिने ऐकलंच होतं. गाडी पुढे तीन दिवस सुरू झाली नाही. बजाबाने तिच्यापुढे नारळ फोडला, कान धरले, दोनदा ‘चुकलो’ म्हणाला, तेव्हा कुठे चौथ्या दिवशी एकोणिसाव्या किकेला ती खोकली.

पुढची भाऊबीज आली. बजाबा वर्षभर धास्तावलेला होता. आपण उशिरा पोचलो तर ही खरंच एकटी चालत जाईल, हे काही त्याच्या डोक्यातून जात नव्हतं. या वर्षी त्याने गाडीचा एकेक स्क्रू तपासला. कॉक स्वतः उघडला, दोनदा हात लावून बघितला, आणि मनाशी शपथ घेतली की डाव्या गुडघ्याकडे हात न्यायचा नाही.

हौसाबाई मागे बसली. अस्वलाचे हात लांब असतात, हे तुम्हाला माहीतच आहे.

ओढा ओलांडला. गाडी उत्तम चालली होती. आणि बेहड्याच्या वळणावर ती खोकली, हिसका देऊन पुढे गेली आणि बरोबर झाडाखाली थांबली.

बजाबाच्या तोंडचं पाणी पळालं. “शप्पथ सांगतो, मी काही केलं नाही!”

त्याने घाईघाईने प्लग काढला. प्लग चांगला. वायर चांगली. मग त्याने टाकीखाली वाकून बघितलं. कॉक बंद होता.

हा बिघाड बजाबाच्या चांगला ओळखीचा होता. अकरा वर्षांपैकी चार वर्षं गाडीने खरोखर दगा दिला होता. उरलेली सात वर्षं ती बिचारी नीट चालली होती, आणि हा बिघाड बजाबाने स्वतः केला होता.

त्याने हळूच वर बघितलं. हौसाबाईने चटई अंथरली होती, डबा उघडला होता, आणि ती झाडाच्या शेंड्याकडे बघत होती.

“दर वर्षी नेमकं इथेच तुमच्या गुडघ्याला खाज सुटते,” ती म्हणाली. “मी मागे बसून काय डोळे मिटून घेत होते?”

बजाबाने खाली बसून फडकं पसरलं.

“मग? मोठा बिघाड आहे का?” हौसाबाईने विचारलं.

“मोठा आहे,” बजाबा पान्हे मांडत म्हणाला. “चारपर्यंत तरी काही खरं नाही.”

“लागू दे वेळ. येसाजीला सकाळीच खाऊन घे म्हणून निरोप धाडलाय. चकली घ्या. आणि ऐका, ती मावशी आहे ना...”

तात्पर्य : वेळेवर पोचणाऱ्याला करंज्या लाटाव्या लागतात.

(हे तात्पर्य खरं तर कालच द्यायचं होतं. उशीर झाला, क्षमस्व. वाटेत गाडी बंद पडली. आमची ही बरोबर होती, आणि डाव्या गुडघ्याला एकाएकी खाज सुटली.)