अप्पांची बिघडलेली सांग्रिया

रविवारी सकाळी अकराच्या सुमारास बेल वाजली की मी न बघता सांगू शकते, बाहेर अप्पा आहेत. दार उघडावं तर समोर स्टीलचा मोठा ट्रे, ट्रेवर लोणच्याची काचेची बरणी, बरणीवर घडी न मोडलेला कोरा टॉवेल आणि या सगळ्याच्या मागे अप्पा. नमस्कार नाही, काय चाललंय नाही. पहिलं वाक्य ठरलेलं.

"दारू न्हाय बरं का यात."

हे ते आमच्या घरी गेलं वर्षभर सांगत आहेत. आता तर जिन्यातली मांजरंसुद्धा शपथेवर सांगतील की यात दारू नाही. पण अप्पा सांगतात, मग आत येतात आणि टेबलावर ट्रे ठेवून टॉवेल बाजूला करतात. बरणीत गडद लाल पाणी, त्यात संत्र्याच्या चकत्या, सफरचंदाचे तुकडे आणि मूठभर डाळिंबाचे दाणे. हिला सांग्रिया म्हणतात. मूळची ती वाइनमध्ये फळं भिजवून करतात म्हणे. अप्पा लिंगायत, गळ्यात लिंग आहे आणि आयुष्यात त्यांनी चहापलीकडे नशा केलेली नाही, त्यामुळे त्यांची सांग्रिया काळ्या द्राक्षांच्या रसात होते.

अप्पांचं पूर्ण नाव रेवणसिद्धप्पा. ते दारावरच्या पाटीत मावलं नाही म्हणून पाटीवरसुद्धा 'अप्पा' एवढंच आहे. सोलापूरच्या शुक्रवार पेठेत त्यांचं चादरी-टॉवेलांचं दुकान होतं. पुढं गुडघे ऐकेनात, तेव्हा त्यांनी दुकान पुतण्याच्या हवाली केलं आणि जुळे सोलापुरात आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहायला आले. दुकान सुटलं, पण दुकानदारी काही सुटली नाही. ग्लास आपल्या हातात देण्याआधी ते तो खिडकीशी नेऊन उजेडात धरतात.

"माल बघा आदी, मग बोला. रंग बघा बाई, रंग! पक्का हाय. धुतला तरी जायाचा न्हाय."

हे मात्र खरं आहे. आमच्या सोफ्याचं कव्हर त्याला साक्ष आहे.

मी शाळेत शिकवते म्हणून अप्पा मला बाई म्हणतात. एरवी ते माझ्या बैठकीत आरामात मांडी घालून बसतात, पण रविवारी नाही. रविवारी माझं घर हॉटेल असतं आणि मी गिऱ्हाईक. ग्लासाच्या कडेला संत्र्याची चकती खोचलेली पाहिजे, वर पुदिन्याचं पान पाहिजे, खाली हातरुमालाची त्रिकोणी घडी पाहिजे. घरी केलंय असं वाटता कामा नये, हा त्यांचा कायदा. ग्लास ठेवून झाला की ते एक हात पाठीमागे घेऊन उभे राहतात आणि विचारतात, "मॅडम, एव्हरीथिंग ओके?" आणि लगेच त्याच दमात, "काय चुकलंय ते सांगा."

आणि काहीतरी चुकलेलं असतंच! एका रविवारी लवंगा इतक्या पडल्या होत्या की दुपारपर्यंत माझी जीभ दाताच्या डॉक्टरकडून आल्यासारखी बधिर होती. एका रविवारी त्यांनी सोडा आधीच घालून बरणीचं झाकण घट्ट लावलं. झाकण उडालं ते पंख्याला लागून शोकेसवर पडलं. एकदा साखरेऐवजी काळा गूळ होता, एकदा पिकलेलं केळं होतं, आणि त्या केळ्याबद्दल मी जास्त बोलू इच्छित नाही. एकदा तर सोबत शेंगाचटणी आणि कडक भाकरीचे तुकडे आले. हॉटेलात अशा पेयाबरोबर काहीतरी तोंडात टाकायला देतात, असं अप्पांना कुणीतरी सांगितलं होतं.

एका रविवारी एकादशी आली. मला वाटलं, आज सुटले. पण अप्पा दारात हजर. "फळंच हायत की! उपासाला फळं चालत्यात, मग फळांचं पानी का चालू नये?" त्यावर दालचिनी उपासाला चालते का, असा प्रश्न मी काढला. हा वाद जिन्यात अर्धा तास चालला, तोवर सोड्याचा जीव गेला आणि मग ते पाणी कुणालाच नको झालं.

अप्पांची बेल वाजली की माझ्या नवऱ्याला, विलासला, आंघोळीची आठवण होते. उरलं आमच्या इमारतीतलं तिसरं गिऱ्हाईक, म्हणजे खालच्या मजल्यावरचे मुजावर चाचा. टेंभुर्णीच्या चौकात त्यांचा ट्रकच्या बुकिंगचा धंदा होता, आता मुलं बघतात. पहिल्या रविवारी चाचा ग्लासाकडे बघून दोन पावलं मागे सरकले होते. "अप्पा, देखने को तो वईच दिखता ओ!" अप्पांनी त्यांना हाताला धरून स्वयंपाकघरात नेलं आणि द्राक्षं कुस्करण्यापासून सगळं समोर करून दाखवलं. तेव्हापासून चाचा पक्के झाले. पण त्यांच्या जिभेला नाही म्हणणं माहीत नाही. लवंगांची सांग्रिया? "एकदम मस्त!" केळ्याची? "क्या बात है!" अप्पा त्यांना मनापासून पाजतात, पण त्यांच्या मताला काडीची किंमत देत नाहीत.

आता तुम्ही म्हणाल, चादरीच्या दुकानदाराला या वयात सांग्रियाचं खूळ कुठून लागलं? त्यासाठी लीलाबद्दल सांगायला हवं.

शिवलीला ही अप्पांची एकुलती एक मुलगी. पुण्यातल्या एका मोठ्या हॉटेलात, जिथे तऱ्हेतऱ्हेची पेयं तयार करून देतात त्या काउंटरवर ती काम करते. अप्पा लोकांना सांगतात, "सरबत खात्याला हाय. हेड हाय हेड." तिथे सरबताशिवाय आणखी काय काय ओततात हे सगळ्या इमारतीला ठाऊक आहे आणि अप्पांनाही ठाऊक आहे. लीलाने हे काम धरलं तेव्हा अप्पा तिला रागावले नाहीत. ते बोललेच नाहीत. तसे ते तिच्याशी आधीही कुठे बोलत होते? आपल्याकडच्या पुष्कळ बापांसारखे अप्पा लेकीशी बायकोमार्फत, म्हणजे आमच्या काकूंमार्फत, बोलत. फोन आला की विचारायचं, "जेवलीस का?" तिकडून 'जेवले' आलं की म्हणायचं, "हं. आईला देतो." की झालं बोलणं. मग काकू तासभर बोलायच्या, मराठीतून कानडीत, कानडीतून मराठीत, आणि अप्पा शेजारी बसून पेपर उलटा धरून सगळं ऐकायचे.

दोन वर्षांपूर्वी काकू गेल्या.

आमच्या आणि अप्पांच्या गॅलऱ्या लागून आहेत आणि अप्पा फोनचा आवाज नेहमी मोठा ठेवतात. मी वाळलेले कपडे काढत असायची आणि पलीकडून कानावर यायचं, "जेवलीस का?" "जेवले." "हं." आणि मग काहीच नाही. फोन द्यायला आता कुणी नव्हतं. बाप आणि लेक दोघंही फोन धरून गप्प बसायचे. शेवटी एकजण म्हणायचं, "बरं, ठेवू?" मला ते ऐकवत नसे. मी कपडे अर्धवट टाकून आत यायची. पुढे पुढे ते फोनही कमी होत गेले. इतके, की लीलाची खुशाली अप्पाच मला विचारू लागले. तिचा मला कधीतरी मेसेज येतो हे त्यांना माहीत होतं.

मग गेल्या वर्षी लीला त्यांना हट्टाने पुण्याला घेऊन गेली आणि आपल्या हॉटेलात बसवून आपल्या हाताने ही बिनदारूची सांग्रिया करून दिली. अप्पांनी ती चमच्याने फळांसकट खाल्ली आणि परत आल्याबरोबर स्वतः करून बघितली. ती अर्थातच फसली. तेव्हा काय चुकलं ते विचारायला त्यांनी संध्याकाळी लीलाला फोन लावला. गॅलरीतून मला ऐकू आलं:

"लवंग जास्त झाली वाटतं."

"किती घातलासा?"

"मूठभर."

"अप्पाऽऽ!" आणि लीला जी हसत सुटली, ती किती तरी वेळ. त्या दिवशी त्यांचं बोलणं इतका वेळ चाललं की माझी भाजी करपली.

तेव्हापासून हा रविवारचा नेम. सकाळी आमच्यावर प्रयोग आणि संध्याकाळी पुण्याला फोन. पण वर्ष होत आलं तरी सांग्रिया काही सुधारेना. पोराला एकच गणित वर्षभर चुकताना बघणं शिक्षकाला जमत नाही. आपण स्वतः उभं राहून एकदा नीट करून घ्यायची, असं मी ठरवलं. एका शनिवारी संध्याकाळी राहिलेले ग्लास परत द्यायच्या निमित्ताने मी त्यांच्याकडे गेले. दार उघडंच होतं. अप्पा आत देवापुढे दिवा लावत होते. ओट्यावर पातेल्यात सांग्रिया मुरत होती. मी चमचाभर चाखली.

आणि मी थक्क झाले. द्राक्षाचा गोडवा, त्याच्या मागून येणारी संत्र्याची आंबटसर चव, दालचिनी अगदी बेताची. हॉटेलात याचे भरपूर पैसे घेतले असते आणि मी खुशीने दिले असते. मी आणखी एक चमचा घेणार, एवढ्यात अप्पा पुटपुटत आले. फ्रीजच्या आडोशाला उभी असलेली मी त्यांना दिसले नाही. त्यांनी मिसळणाचा डबा उघडला, लवंगांची मूठ भरली आणि सरळ पातेल्यात सोडली.

"अप्पा!" मी ओरडलेच.

अप्पा इतके दचकले की उरलेल्या लवंगा ओटाभर सांडल्या. मग हळूहळू त्या गोळा करत म्हणाले, "आता तुमी बघितलंच, तर काय सांगू. जमतीय ओ बाई मला. कवाच जमली."

"मग वर्षभर आम्हाला हे का पाजताय?"

"बरोबर झाली तर फोन कशाला करू?" अप्पा माझ्याकडे न बघता म्हणाले. "काय बोलू तिच्याशी? मला जेवलीस का, एवढंच येतंय. ते सगळं बोलनं तिच्या आईचं होतं. आता लवंग जास्त झाली म्हटलं की पोरगी हसतीय. मग आपसूक बोलतीय. तिच्या खोलीतला नळ गळतोय, साहेब बदललाय, गुडघ्याला तेल लावतासा का... सगळं त्या लवंगेच्या मागनं येतंय बगा."

मी ओट्यावरच्या दोन-चार लवंगा वेचून त्यांच्या हातावर ठेवल्या. पण मास्तरकी कुठे जाते? मी म्हटलं, "अहो, मग चांगली करा, आम्हाला चांगली पाजा आणि फोनवर नुसतं सांगा की चुकली म्हणून. ती काय पुण्याहून चाखायला येणार आहे?"

अप्पा ताठ उभे राहिले. गिऱ्हाइकाने मापात शंका काढावी तसा त्यांचा चेहरा झाला.

"पोरीशी खोटं बोलू?"

दुसऱ्या दिवशी मी ती लवंगांची सांग्रिया शेवटपर्यंत प्यायले. विलासलाही बाथरूमच्या दारातून ओढून आणून पाजली.

संक्रांतीला गड्डा, म्हणजे सिद्धेश्वराची जत्रा, भरली आणि लीलाला सुट्टी मिळाली. ती येणार कळल्यापासून अप्पांचा जीव थाऱ्यावर नव्हता. जिन्यात मला गाठून ते हळूच म्हणाले, "बाई, बरोबर करू का चुकवू? बरोबर झाली तर पुढच्या रविवारपास्नं काय विचारू तिला? आन् चुकवावी तर, पोरगी एवढी लांबनं आलीया. तिच्यापुढं खराब माल ठेवू?"

मी म्हटलं, तुमच्या मनाला येईल ते करा. अप्पांनी दोन दिवस विचार केला आणि लीलाच्या पुढ्यात चांगलाच माल ठेवायचा असं ठरवलं. लीला आली तेव्हा दार उघडून "बारव्वा, बा" असं कानडीत 'ये बाळ, ये' म्हणत त्यांनी तिची बॅग घेतली आणि जेवलीस का हेही विचारायला विसरले.

दुपारी आम्ही सगळे त्यांच्याकडे जमलो. ट्रे आला, बरणी आली, टॉवेल निघाला. अप्पांनी पहिला ग्लास लीलाला दिला. तिने तो उजेडात धरला, अगदी बापासारखा. मग एक घोट घेतला. मीही घेतला. अशी सांग्रिया मी आजवर प्यायले नव्हते. विलास तर ग्लासाकडे बघतच राहिला.

"एकदम हॉटेल!" चाचा ओरडले. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांचं मत बरोबर आलं होतं.

लीलाने आणखी एक घोट घेतला, डाळिंबाचे दाणे चावले, वडिलांच्या तोंडाकडे बघितलं. अप्पा एक हात पाठीमागे घेऊन उभे होते. नेहमीचं 'काय चुकलंय ते सांगा' त्यांच्या तोंडून निघत नव्हतं. चुकलेलं काहीच नव्हतं आणि ते त्यांना पक्कं माहीत होतं. इतका केविलवाणा दुकानदार मी बघितला नाही.

"अप्पा," लीला म्हणाली, "दालचिनी जरा जास्त झालीय की ओ."

"किधर की दालचिनी?" चाचा म्हणाले. विलासने त्यांना कोपराने ढोसलं.

अप्पांनी बरणीकडे बघितलं, मग लेकीकडे. दिवसभर हेच काम करणाऱ्या पोरीला दालचिनी बेताची आहे हे कळलं नसेल, असं त्यांनी धरून चालणं शक्यच नव्हतं.

"जास्त झाली?" त्यांनी हळूच विचारलं.

"व्हय की. पुढच्या रविवारी कमी घालून बगा आन् मला फोन करा." लीला ग्लासातली संत्र्याची चकती काढत म्हणाली. "संध्याकाळीच करा, नेहमीच्या टायमाला. लई गर्दी असती तवा आमच्याकडं, पन रविवारी तेवढा वेळ मी काउंटर दुसऱ्याकडं देऊन ठेवते."

अप्पा नुसते "बरं" म्हणाले आणि कोऱ्या टॉवेलने डोळे पुसले.